भिंतीखालची वाट

"सही कुठं करायची?" निंबाळकर सरांनी विचारलं.

मी इमारत पाडण्याच्या संमतीपत्रावर बोट ठेवलं. सरांनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि सावकाश सही केली. शाळेत पी.टी. शिकवणाऱ्या माणसाची सही इतकी देखणी कशी, याचं मला नेहमी नवल वाटायचं. सही झाली तरी त्यांनी पेन काही खाली ठेवलं नाही.

"तीन वर्षं म्हणता ना?"

"बिल्डर तीन म्हणतो. आपण साडेतीन धरायची."

"मी ब्याऐंशीचा आहे, बाई."

मी कागदाची घडी घातली.

"सुरतेला जाईन प्रतापकडं," सर म्हणाले. "त्यानं खोली रंगवायला घेतलीय माझ्यासाठी. पोरगं चांगलं आहे, सून चांगली आहे. पण आमची ही, मालन, याच घरातून गेली. मीही इथूनच जाईन असं धरून चाललो होतो. ते शेवाळे दोन महिने सहीसाठी मागं लागले होते, त्यांना मी दाद दिली नाही. तुम्ही आकडे मांडून दाखवलेत म्हणून करतोय. तुमचं गणित चुकायचं नाही."

खरं सांगते, त्यांच्या सुरतेला जाण्याचं वाईट वाटण्याआधी मला त्या शेवटच्या वाक्याचा आनंद झाला. माणूस असा असतो. निदान मी तरी अशी होते.

त्या सहीला आता बारा वर्षं होतील. पाचगणीतल्या आमच्या शाळेच्या शिक्षकांची ही सोसायटी. बारा घरं, तीन मजले, आणि सगळी इमारत लाकडी सांगाड्याची. भिंती कारखान्यात तयार झाल्या, खिडक्यांची भोकं पाडून आल्या, आणि ट्रकमधून पसरणीचा घाट चढून वर पोचल्या. एकोणीस दिवसांत घरं उभी राहिली. गावातले लोक मधल्या सुट्टीतल्या पोरांसारखे कुंपणाला लागून बघत बसायचे. सोसायटीचं नाव आम्ही ठेवलं 'गुरुछाया', गावानं ठेवलं 'काडेपेटी'. टिकलं गावाचंच. पोस्टमनसुद्धा 'काडेपेटीत पत्र आहे' म्हणायचा.

घरं मात्र सुरेख होती. पाचगणीच्या थंडीत आत ऊब असायची आणि पावसाळ्यात सिमेंटच्या घरांसारखी भिंतींना बुरशी यायची नाही. पहिली नऊ वर्षं खर्च म्हणाल तर दर तिसऱ्या वर्षी बाहेरून तेलाचा हात, बस्स. मग मी सेक्रेटरी झाले. त्यानंतर खर्च वाढत गेला, पण या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल अशी शंका मला अकरा वर्षांत आली नाही. मी गणित शिकवायचे, तेही तीस वर्षं.

दर पावसाळ्यानंतर तळमजल्याच्या फळ्या खालून कुजायच्या. त्या बदलायच्या, तर पुढच्या वर्षी शेजारच्या कुजायच्या. मग वाळवीचं औषध, मग पुन्हा रंग. शेवटी अध्यक्ष शेवाळे सरांनी बिल्डर आणला. सर विज्ञानाचे शिक्षक, पहिल्या मजल्यावर राहणारे, स्वभावानं घाईचे. इमारत पाडायची, तिथं सिमेंटची पाच मजली बांधायची, आम्हाला प्रत्येकी मोठं घर आणि लिफ्ट. मी सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते आणि माझ्या गुडघ्यांना लिफ्ट या शब्दानंच बरं वाटायचं. तरी मी भावनेवर गेले नाही. मी अकरा वर्षांच्या देखभालीचा आलेख काढला, तो पुढे तीस वर्षं वाढवला आणि शेजारी सिमेंटच्या इमारतीचा आकडा मांडला. तो बिल्डरच्या कागदावरचा होता. लाकूड सपशेल हरलं. माझा आलेख बघून बारापैकी दहा घरांनी त्याच दिवशी होकार दिला. राहिलेले दोन म्हणजे खर्चाला न भिणाऱ्या एक बाई आणि निंबाळकर सर. आता सरांचीही सही झाली होती.

सभा रविवारी संध्याकाळी पाचला होती. कुणाच्या मनात किंतु राहू नये म्हणून मी सकाळी धोंडीराम सुतारांना बोलावलं. पश्चिमेच्या भिंतीची एक फळी काढून ठेवायची, म्हणजे सभेला येणारा प्रत्येक जण आतलं कुजकं लाकूड स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. वर्गात मी असंच करायचे. सिद्धता फळ्यावर, आणि वर एक आकृती.

धोंडीराम वाईचे. सत्तरीकडे झुकलेले, बोलायला कमी. ही इमारत उभी राहताना कंपनीच्या माणसांच्या हाताखाली तेच होते. पण पुढे शाळेच्या कंत्राटदारानं आपली माणसं घातली, तेव्हापासून ते आमच्याकडे आले नव्हते. ते आले, इमारतीकडे खालून वर बघितलं, आणि काही न बोलता पटाशी काढली.

पहिली फळी निघाली तशी तिचं खालचं टोक त्यांच्या हातात भुग्यासारखं आलं. आतलं आडवं लाकूड काळं पडलं होतं. मी मनातल्या मनात स्वतःला पैकीच्या पैकी गुण दिले.

"बघितलंत?" मी म्हणाले. "सगळी इमारत अशी झालीय."

"सगळी?" धोंडीराम म्हणाले. त्यांनी स्टूल घेतलं, त्याच भिंतीची छातीएवढ्या उंचीवरची फळी सैल केली आणि आतल्या उभ्या खांबावर हातोडीचा दांडा मारला. टण्‌ असा आवाज आला. "ह्यो तर कालच आनल्यावानी हाय."

"वरचं असेल. खालचं सगळं गेलंय."

"बगू की."

ते भिंतीच्या कडेकडेनं बोटानं टोचत चालू लागले. प्रत्येक ठिकाणी बोट आत जात होतं, आणि मी त्यांच्या मागून 'हे बघा, हेही बघा' म्हणत होते. कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे. टाकी आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस आडवा शिरेल एवढी जागा. टाकी भरली की तिथं पाणी वाहतं, बारा महिने शेवाळ असतं. धोंडीराम आत शिरले. आतून बराच वेळ नुसती पटाशीची खरखर ऐकू आली.

"काय झालं?" मी विचारलं.

"बाई, हिकडं या."

मी साडी सावरून आडवी शिरले. धोंडीरामनी तिथली फळी खालून थोडी उचलून धरली होती. आतलं लाकूड कोरडं ठणठणीत, मूळच्या पिवळसर रंगाचं. सगळ्या इमारतीतली सगळ्यात ओली जागा आणि तिथं लाकूड कोरडं. माझ्या डोक्यात काहीतरी खटकलं, आणि ते मला आवडलं नाही.

"हितली वाट उघडी ऱ्हायली," धोंडीराम म्हणाले. "बाकीची कुनी बुजवली?"

"वाट कशी बुजेल? वाट तर मी रोज झाडून घेते," मी म्हणाले. "कुणाला कुंडीसुद्धा ठेवू देत नाही वाटेवर."

"ती न्हाई वो. ही." त्यांनी फळीच्या खाली चार बोटं घातली. फळी संपते आणि पाया सुरू होतो, त्या दोघांमध्ये तेवढीच मोकळी जागा होती. "पान्याची वाट. पाऊस वाऱ्यानं मारतो, फळीच्या मागं पानी शिरतंच. ते हितनं खाली पडतं, आन् हितनंच वारं आत जाऊन लाकूड सुकवतं. कंपनीच्या सायबानं धा डाव बजावलं हुतं. त्याला मराठी येत न्हवतं, हिंदीत सांगायचा, म्हनून शाळेच्या क्लार्कला मीच सांगितलं आन् त्येनी लिवून घेतलं. चार नंबरचा नियम."

चार नंबरचा नियम मला झोपेत विचारला असता तरी पाठ होता. जिन्यात नोटीसबोर्डाशेजारी काचेच्या चौकटीत तो कागद लावलेला आहे. 'भिंतीखालची वाट कायम मोकळी ठेवावी.'

आता मी काय केलं होतं ते सांगते. सेक्रेटरी झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी सगळे नियम वाचले, कारण माझ्याआधी ते कुणी वाचलेच नव्हते. भिंतीखालची वाट म्हणजे इमारतीभोवतीची पायवाट, दुसरं काय? ती त्या वेळी मातीची होती, खड्ड्यांची होती. मी तिच्यावर शहाबादी फरशी घालून घेतली. तिथं कुणी स्कूटर लावली तर दंड ठेवला. शेवाळे सरांनी तो तीनदा भरलाय. निंबाळकर सर सकाळच्या उन्हात भिंतीला टेकून खुर्ची टाकून बसायचे, त्यांना मी खुर्ची उचलायला लावली. नियम म्हणजे नियम. आणि फरशी घालतानाच गवंड्यानं विचारलं, बाई, या फळ्यांखालून चिचुंद्र्या ये-जा करतात, गोमी निघतात, हे बुजवून टाकू का? मी म्हणाले, अवश्य. चारही बाजूंनी सिमेंट भरून घेतलं. वर छान गोलाई काढून घेतली. टाकीमागच्या शेवाळात गवंडी शिरायला तयार झाला नाही, तेवढं राहिलं. त्याबद्दल मी त्याचे थोडे पैसेही कापले होते.

म्हणजे चार नंबरचा नियम पाळण्याच्या नादात मी चार नंबरचा नियमच गाडून टाकला होता.

"तुमी भरलं व्हय?" माझ्या तोंडाकडे बघून धोंडीराम म्हणाले.

"हो."

त्यांनी फळी हळूच जागेवर बसवली. "वाट बुजवली की वाट लागनारच," ते म्हणाले, आणि मग आपण विनोद केला हे लक्षात येऊन ओशाळले. "खालची हातभर लाकडं बदला. खांबांना काय झालं न्हाई. आनखी चाळीस वर्षं हालत न्हाई ही."

मी त्यांना चहा दिला, भाकरी-पिठलं वाढलं. जेवताना ते म्हणाले, "सभेत मी काय बोलायचं?"

"तुम्हाला काय बोलायचंय?"

"मला कुनी इचारलं तर बोलीन. न्हाई इचारलं तर काढलेली फळी दाखवीन आन् जाईन. तुमची सोसायटी, तुमी ठरवा."

ते व्हरांड्यात आडवे झाले आणि मी टेबलापाशी बसले. दीड वाजला होता. मला स्वतःची इतकी लाज वाटत होती की आधी धोंडीरामचाच राग आला. मग त्या क्लार्कचा. 'वाट' काय लिहितोस, मेल्या, नीट 'फळीखालची चार बोटं जागा' लिहायला तुझी शाई संपत होती का? तो बिचारा केव्हाच वारला होता.

गप्प बसणं सोपं होतं. फळी कुजलेली होती, खर्च झालेला होता, आलेखातला एकही आकडा खोटा नव्हता. बारातली दहा घरं खूश होणार होती, मला लिफ्ट मिळणार होती, आणि निंबाळकर सरांनी तर स्वतःच्या हातानं सही दिली होती. दहा-पंधरा मिनिटं मी या सगळ्यावर खरोखर विचार केला. मी काही संत नाही. पण दर वेळी विचार सरांपाशी येऊन अडायचा. त्या माणसानं घर सोडलं होतं ते बिल्डरसाठी नाही, शेवाळेंसाठी नाही. माझ्या बेरजेसाठी सोडलं होतं.

मी नवा कागद घेतला. बुजलेल्या वाटेमुळे झालेला सगळा खर्च बाजूला काढला. उरलं काय? तेल, थोडा रंग, कुठं एखादी फळी. मग मी खाली उतरले आणि शेजारी शाळेच्या सिमेंटच्या क्वार्टर्सकडे गेले, जे मी आधीच करायला हवं होतं. त्या आमच्या इमारतीच्याच वयाच्या. तिथल्या रखवालदारानं गच्चीवरचे डांबराचे थर दाखवले, सज्जाखालून डोकावणाऱ्या गंजक्या सळया दाखवल्या, आणि मी न विचारताच म्हणाला, "दर दोन वर्षांनी गळतंय बाई, काय सांगू." बिल्डरच्या कागदावर देखभाल 'नगण्य' लिहिली होती. मी तीस वर्षांचा हिशेब पुन्हा मांडला. लाकूड हरत नव्हतं. उलट थोडं पुढेच होतं.

पाच वाजता सगळे जमले. शेवाळे सरांनी प्रास्ताविक केलं आणि म्हणाले, "आता पोतनीस बाई आलेख समजावून सांगतील, मग ठराव."

मी उभी राहिले. "आलेख चुकला आहे," मी म्हणाले.

कुणीतरी हसलं. मी विनोद करते आहे असं वाटलं असावं. मग मी सगळं सांगितलं. वाट, फरशी, गवंडी, चिचुंद्र्या, टाकीमागची जागा. आवाज स्थिर ठेवला. तीस वर्षं वर्ग सांभाळल्यावर तेवढं जमतं. धोंडीरामनी फळी सगळ्यांसमोर धरली आणि मग सगळ्यांना टाकीमागे नेऊन कोरडं लाकूड दाखवलं. एकेक करून आडवं शिरावं लागत होतं, त्यामुळे बराच वेळ गेला. मग सगळे परत येऊन बसले.

"म्हणजे अकरा वर्षं," शेवाळे सर उभे राहिले, "आम्ही तुमच्या चुकीचे पैसे भरत होतो?"

"हो."

"आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"मला आज दुपारीच कळलं."

"विज्ञानाच्या माणसाला तुम्ही एकदा विचारलं असतं..."

"तुम्ही त्याच भिंतीशेजारी वीस वर्षं राहताय, सर," मी म्हणाले. गरज नव्हती म्हणायची, पण मी म्हणाले. लोक हसले. त्या हसण्यानं सभा थोडी सैल झाली. "चूक माझी आहे. ती मी कुणाच्या माथी मारत नाही. सेक्रेटरीपदही सोडते. पण इमारत पाडायची असेल तर तुम्हाला घर मोठं हवं म्हणून पाडा, लिफ्ट हवी म्हणून पाडा. इमारत महाग पडते म्हणून पाडू नका. ती महाग पडत नाही. मी महाग पडले."

मग प्रश्न सुरू झाले. वाळवीचं काय, आगीचं काय, तीस वर्षांनंतर काय. मी उत्तरं दिली, जिथं येत नव्हती तिथं येत नाही म्हणाले. धोंडीरामना खांबांबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "माझ्या घराचं छप्पर ह्येच्यापुढं काय बी न्हाई." शेवटी हात वर केले. पाडायच्या बाजूनं चार, ठेवायच्या बाजूनं सात. माझा हात मी वर केला नाही. सेक्रेटरीपद सोडायला मात्र कुणी दिलं नाही. नव्यानं कुणाला नियम वाचायचे नव्हते. शेवाळे सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्यांचं बरोबरच होतं.

लोक उठले, चहा सुरू झाला. निंबाळकर सर मात्र खुर्चीतून उठले नव्हते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"सर, तुम्हाला मी काय बोलू?"

"म्हणजे मी इथंच राहायचं?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू, की जणू जोरात विचारलं तर उत्तर बदलेल.

"इथंच राहायचं."

त्यांनी मान हलवली, दोनदा, तीनदा. मग चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं बराच वेळ पुसत राहिले. मीही दुसरीकडे बघितलं. मला रडू येत होतं आणि मला ते कुणाला दाखवायचं नव्हतं.

"प्रतापला काय सांगू?" जरा वेळानं ते म्हणाले. "त्यानं खोलीला रंग दिला असेल. पोरं खूश आहेत, आजोबा येणार म्हणून."

"खरं ते सांगा. पोतनीस बाईंचं गणित चुकलं म्हणावं."

सर हसले. डोळे ओलेच होते. "अहो, तो तुमचा विद्यार्थी. तो खरं मानायचा नाही. म्हणेल, बाबांना यायचं नाही म्हणून काहीही सांगतात."

"फोन लावा," मी म्हणाले. "मी बोलते."

त्यांनी फोन लावून माझ्या हातात दिला. प्रतापला मी आठवी ते दहावी शिकवलं होतं. हुशार, पण उतावळा. त्याचं कितीतरी वेळा उत्तर मी लाल शाईनं खोडलं असेल. आता तो सुरतेच्या कुठल्याशा कारखान्यात मोठा इंजिनियर होता.

"प्रताप, पोतनीस बाई बोलतेय. बाबा सुरतेला येणार नाहीत. इमारत पाडत नाही आहोत. मी खर्च चुकीचा काढला होता."

फोन बंद पडला की काय म्हणून मी कानापासून दूर धरून बघितला.

"तुम्ही, बाई?"

"मी."

मग तो अगदी हळू, अगदी नववीतल्या मुलासारखा म्हणाला, "कितव्या पायरीला चुकलं, बाई?"

"पायरी कसली, बाळा," मी म्हणाले. "मी उदाहरणच चुकीचं वाचलं होतं."